वेलबुट्टीच्या मागचा गणपती हाती कसा लागंल?

बोरूवाला_दारव्हा · रात्री ८:१०

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं लहानसं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, आणि लगनसराईत पत्रिका. पत्रिका कोरलड्रॉमध्ये, म्हणजे चित्रं-अक्षरं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये (आम्ही नुसतं कोरल म्हणतो) बसवतो आणि फाईल यवतमाळच्या प्रेसला पाठवतो. क्लास केला नाही, पाहून पाहून शिकलो. त्यामुळं प्रश्न बाळबोध वाटला तरी सांभाळून घ्या.

आज एक गिऱ्हाईक मोठ्या पोरीच्या लग्नातली पत्रिका पेनड्राइव्हमध्ये घेऊन आलं. बाहेरच्या कोण्या डिझायनरनं केलेली सीडीआर, म्हणजे कोरलचीच फाईल. म्हणते, "हेच राहू द्या, फक्त नावं आन् तारीख बदला." फाईल दिसायला सुरेख, पण अंगाला हात लावू देत नाही. चारी बाजूंनी झेंडूची वेलबुट्टी आहे आणि ती सगळ्याच्या वरून पसरली आहे. गणपतीवर क्लिक करा, वेलबुट्टी सिलेक्ट होते. कलशावर करा, वेलबुट्टी. ती बाजूला ओढून ठेवली आणि काम करून परत आणली, तर जाग्यावर बसत नाही, एका कोपऱ्यात फट दिसते. शेवटी अनग्रुप केलं तर पाकळ्या-पाकळ्या सुट्या झाल्या. कंट्रोल झेड दाबून दाबून बोट दुखलं.

नावांचं तर वेगळंच. वधूच्या नावावर टेक्स्ट टूल नेलं तर कर्सरच लागत नाही, नवीन अक्षरं सुरू होतात.

मला येते ते एवढंच: क्लिक, शिफ्ट धरून दुसरं क्लिक, आणि माऊसनं चौकोन ओढणं. उद्या ११ वाजता फाईल गेली पाहिजे. मागची वस्तू पकडायची काही युक्ती आहे का?

---

संत्राबर्फी · रात्री ८:२४

आल्ट धरा आणि गणपतीवर क्लिक करा. पहिल्या क्लिकला वरची वस्तू येईल, आल्ट न सोडता परत क्लिक केलं की तिच्या खालची, परत केलं की आणखी खालची. विहिरीत उतरल्यासारखं एकेक पायरी खाली जाते. गणपतीभोवती काळे ठिपके दिसले की थांबा. वेलबुट्टी हलवायचीच गरज नाही.

आणि अनग्रुप कशाला केलं भाऊ? ग्रुपमधली एकच पाकळी पाहिजे असंल तर कंट्रोल धरून क्लिक करा. ग्रुप जसाच्या तसा राहते आणि आतली वस्तू हातात येते. तिच्याभोवतीचे ठिपके मग चौकोनी नसून गोल दिसतात, ती खूण. ग्रुपमधली आणि वरून झाकलेली असंल तर कंट्रोल आणि आल्ट दोन्ही.

आता ते सुटं झालेलं सोडा. सेव्ह न करता बंद करा आणि पेनड्राइव्हवरची मूळ फाईल परत उघडा.

---

कापूसकोंड्या · रात्री ८:३१

+१. आल्ट धरून चौकोन ओढला तर आणखी एक फायदा. साधा चौकोन ओढला की जी वस्तू पूर्ण आत आली तीच सिलेक्ट होते. आल्टनं ओढला तर ज्याला नुसता स्पर्श झाला तेही येते. लांबलचक बॉर्डर पकडायला बरं पडते. सुरुवात मात्र रिकाम्या जागेतून करा, नाही तर बुडाखालची वस्तूच ओढली जाते.

---

गुरुजी_झेडपी · रात्री ८:५२

धागा योग्य वेळी आला. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शाळेतल्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टीम आहे, कोरल नाही, म्हणून इंकस्केप हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे आणि तक्ते, प्रमाणपत्रं, स्नेहसंमेलनाचे फलक असं सगळं त्यात होतं. इंकस्केपमध्येही खालची वस्तू आल्ट आणि क्लिकने निवडता येते असं वाचलं होतं. पण मी आल्ट धरून ओढायला गेलो की अख्खी खिडकीच सरकते! मुलं हसतात. वर्षभर मी हे इंकस्केपचंच खोडसाळ वागणं समजत होतो.

---

टर्मिनलवाली · रात्री ९:०५

गुरुजी, खोड इंकस्केपची नाही, मिंटची आहे. तिथं आल्ट धरून खिडकी ओढायची सोय आधीपासून चालू असते, त्यामुळे ती कळ इंकस्केपपर्यंत पोचतच नाही. सिस्टीम सेटिंग्जमध्ये 'विंडोज' उघडा, त्यात वागणुकीच्या पानावर खिडकी हलवण्याची खास कळ कोणती ते विचारलेलं असतं. आल्टऐवजी सुपर निवडा, म्हणजे खिडकीचं चिन्ह असलेली कळ. मग आल्ट मोकळा.

इंकस्केपमध्ये आल्टचे आणखी दोन उपयोग. आल्ट धरून माऊसचं चाक फिरवलं की कर्सरखाली जेवढ्या वस्तू एकावर एक आहेत त्या क्रमाने दिसत जातात, क्लिक करत बसायला नको. आणि काहीही निवडलेलं नसताना आल्ट धरून ओढलं की लाल रेघ उमटते. ती रेघ ज्यांना ज्यांना शिवेल ते सगळं निवडलं जातं. गर्दीच्या चित्रात चौकोनापेक्षा ही रेघ हजार पटीने कामाची.

अजून एक, कारण यात सगळेच फसतात. कंट्रोल ए दाबलं की इंकस्केप फक्त चालू लेयरमधलं, म्हणजे चित्राच्या त्या एका थरातलं, निवडतो. सगळ्या लेयरांमधलं हवं असेल तर कंट्रोल आल्ट ए. मी एकदा "सगळं" निवडून चित्र लहान केलं आणि मागची पार्श्वभूमी तेवढी मोठीच राहिली.

---

बोरूवाला_दारव्हा · रात्री ९:२०

बर्फीभाऊ, जमलं! चौथ्या क्लिकला गणपती बाप्पा हाती लागले. इतके दिवस मी वरच्या वस्तू पानाच्या बाहेर काढून ठेवायचो, मांडव उठल्यावर खुर्च्या रचून ठेवतात तशा. मग परत एकेक आत आणायच्या.

पण नावं काही येऊन नाही राह्यली. आल्ट धरून क्लिक केलं तर नावांच्या जागी एक मोठा चौकोन सिलेक्ट होते, नावं आणि मागचा क्रीम रंग सगळं मिळून. कंट्रोल धरून केलं तरी तोच चौकोन. अनग्रुपचं बटण फिकं आहे. हा काय प्रकार?

---

नागपुरी_पिक्सेल · रात्री ९:३३

तरी म्हणतो, सगळे अजून कोरल का धरून बसलेत? इलस्ट्रेटरमध्ये काळा बाण अख्खी वस्तू निवडतो, पांढरा बाण तिच्यातला एकच बिंदू. विषय क्लिअर. ग्रुपवर डबल क्लिक करा, बाकी सगळं फिकं होतं आणि आतल्या वस्तूवर निवांत काम करा, झालं की एस्केप. चौकोन ओढताना स्पर्श झाला तरी वस्तू येते, आल्ट-बिल्टची कटकटच नाही. नको ती वस्तू कंट्रोल २ दाबून लॉक.

---

जुना_पेंटर · रात्री ९:४८

पिक्सेलभाऊ, प्रेसवाल्याकडं जे चालते तेच गावात चालते. आमच्या पट्ट्यात प्रेस सीडीआर मागते. इलस्ट्रेटर चांगलंच हाय, पण त्याचं भाडं भरायले पत्रिका किती छापाव्या लागतीन त्याचा हिशेब कर. आन् स्पर्शानं सगळं सिलेक्ट होते हे सुख वाटते तुले, मले तं नाई वाटत. एका कोपऱ्यातला ठिपका उचलायले गेलो तं अर्धी पत्रिका संगं येते. कोरलची 'पूर्ण आत आली तरच' ही सवय मले बरी वाटते. हे ज्याच्या त्याच्या हाताचं काम हाय, भांडाचं नाई.

आता बोरूवाल्या, तुह्या नावाकडं येतो. पण आधी एक गोष्ट आयकून घे, कारण ते शिकायले मले पैसे लागले.

मी आधी ब्रशनं बोर्ड रंगवायचो. दुकानाचे, शाळेचे, भिंतीवरचे. फ्लेक्स आलं, तसं ब्रश ठेवून कोरल धरलं. पुढं रेडियम कापायचा प्लॉटर घेतला. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीले मागून 'जय गजानन' आन् मालकाचं गाव लिहायचं होतं. तेच काम मी आदल्या वर्षी दुसऱ्याले केलं होतं, तं ती फाईल घेतली. जुन्या गावाचं नाव डिलीट कराले पाहिजे होतं. पण सिलेक्टच होये ना, 'जय गजानन'च येये. मंग मी काय केलं, तं सगळं सिलेक्ट केलं, पांढरं केलं, आन् नवीन अक्षरं वरून काळी टाकली. स्क्रीनवर चकाचक. प्लॉटरले कुठं रंग समजते? त्याले रेघ समजते. त्यानं नवं बी कापलं, जुनं बी कापलं, एकावर एक. जास्तीचं रेडियम सोलाले लागलो तं अक्षराचा चिवडा हाती. तीन फुटाचं रेडियम गेलं आन् मालक समोर उभा.

त्या दिवसापासून क्लिक केलं का मी आधी खाली पायतो, स्क्रीनच्या बुडाले. स्टेटस बार. तिथं कोरल स्वतःच सांगते का तुह्या हाती काय लागलं. 'कर्व्ह' लिहिलं असंल तं ते आकार हाय. 'आर्टिस्टिक टेक्स्ट' असंल तं फॉन्टाचं नाव बी दिसते, ते अजून अक्षर हाय, बदलता येते. 'ग्रुप ऑफ' इतके ऑब्जेक्ट असं असंल तं ग्रुप. आन् चौकोन ओढल्यावर डोळ्याले एक वस्तू दिसून राह्यली, पण खाली दोन ऑब्जेक्ट लिहून येते, तं समज का एकाखाली एक डबल पडली हाय. हे लय वेळा होते. नंबरपॅडवरचं अधिकचं बटण चुकून दाबलं गेलं का तिथल्या तिथं नक्कल तयार होते आन् दिसत बी नाई. छपाईत ते खपून जाते, कटिंगमधी ब्लेड तीच रेघ दोनदा कापते.

तं बोरूवाल्या, त्या चौकोनावर क्लिक कर आन् बुडाले काय लिहून येते ते जसंच्या तसं इथं टाक.

---

संत्राबर्फी · रात्री ९:५५

काका, रेडियमची गोष्ट जबरी. व्ह्यू मेनूतलं वायरफ्रेम चालू केलं असतं तर ते पांढरं नाव तेव्हाच दिसलं असतं. त्यात रंग जातात, नुसत्या रेघा उरतात. मी कटिंगला पाठवायच्या आधी पाहतोच.

---

जुना_पेंटर · रात्री ९:५८

हाव. पण ते मले रेडियम गेल्यावर समजलं.

---

ईव्हीएस_लॅब · रात्री १०:१०

थोडं विषयाच्या कडेनं. आपण सगळे आज ज्या गोष्टीवर डोकं आपटतोय ती स्क्रीनवर चित्र काढण्याइतकीच जुनी आहे. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीतल्या प्रबंधासाठी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम केला. टीएक्स-२ नावाच्या खोलीभर संगणकावर तो चालायचा. माऊस नव्हता, लाइट पेन पडद्यावर टेकवायचा. माणसाचा हात नेमका रेषेवर पडणार नाही हे त्यांनी तेव्हाच धरलं होतं, म्हणून पेन रेषेच्या पुरेसं जवळ आलं की प्रोग्रॅम ती रेषाच समजायचा.

आजही तत्त्व तेच. तुम्ही क्लिक करता तेव्हा सॉफ्टवेअर सगळ्यात वरच्या वस्तूपासून खाली विचारत जातं: हा बिंदू तुझ्या भरलेल्या रंगात पडतो का, किंवा तुझ्या रेघेच्या जवळ आहे का? पहिली जी 'हो' म्हणेल ती निवडली जाते. म्हणून तर वेलबुट्टी दर वेळी पुढे येते.

आणि म्हणूनच आतून रिकामी वस्तू मधोमध क्लिक करून इंकस्केपमध्ये येत नाही, रेघेवरच टेकवावं लागतं. कोरलमध्ये पिक टूल (निवडायचा बाण) घ्या आणि काहीही निवडलेलं नसताना वरची पट्टी पाहा. 'ट्रीट ॲज फिल्ड' असं एक बटण असतं. ते चालू असेल तर रिकामा चौकोनसुद्धा भरलेला समजला जातो आणि आत कुठेही क्लिक केलं तरी पकडला जातो. पत्रिकेला बाहेरून रिकामी चौकट असेल तर ते बंद ठेवा, नाही तर आतल्या प्रत्येक गोष्टीआड ती चौकट येईल.

---

पापडकुरडई_ताई · रात्री १०:२२

मी धागे वाचते फक्त, आज लिहायची हिंमत करते. आमच्या बचत गटाचे पापड, कुरड्या, मूगवड्या जातात. लेबलं मीच करते इंकस्केपमध्ये, भाच्यानं टाकून दिलं. एका कागदावर १२ लेबलं बसवते. दर वेळी तारीख बदलली की १२ जागी जाऊन बदलावं लागते. एकदा ११ बदलली, एक राहिली. नेमकं तेच पाकीट दुकानदाराच्या हाती लागलं. मग आठवडाभर ऐकून घेतलं.

मला गुरुजींना विचारायचं होतं का एकसारख्या सगळ्या गोष्टी एकदम पकडता येते का?

---

टर्मिनलवाली · रात्री १०:३६

ताई, येतात. एक तारीख निवडा, एडिट मेनूत 'सिलेक्ट सेम' आहे. त्यात त्याच रंगाचं, त्याच रेघेचं, त्याच प्रकारचं असं विचारता येतं. सगळ्या तारखा लाल असतील आणि दुसरं काहीच लाल नसेल, तर एका झटक्यात बाराही हातात येतील. त्यांचा रंग बदला, आकार बदला, पुसून टाका. मजकूर शोधून बदलायचा असेल तर कंट्रोल एफ.

पण तुमच्या कामाला खरं औषध वेगळं आहे. १२ नकला करू नका, क्लोन करा. पहिलं लेबल ग्रुप करून निवडा आणि आल्ट डी दाबा. जे तयार होतं ते मूळ लेबलाला बांधलेलं असतं. अशी अकरा करा. मग तारीख फक्त मूळ लेबलात बदलायची, बाकीची आपोआप बदलतात. मूळ कोणतं ते विसरलात तर कोणताही क्लोन निवडून शिफ्ट डी दाबा, मूळ सापडेल.

---

पापडकुरडई_ताई · रात्री १०:५८

अगं बाई! करून पाहिलं. तारीख बदलली आणि बाराही लेबलं बदलली. सासूबाईंना उठवून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता पापड बी तसेच लाटून घे त्याच्याकडून."

---

बोरूवाला_दारव्हा · रात्री ११:०५

लाईन गेली होती, आत्ता आली. आमचा पीसी चालू व्हायलाच आमच्याकडं पहिले धावायची त्या सुस्त शकुंतला रेल्वेसारखा वेळ घेते.

पेंटरकाका, चौकोनावर क्लिक केलं तर बुडाला लिहून येते: बिटमॅप, पुढं सीएमवायके, आणि लेयर १. बाकी काही नाही.

---

जुना_पेंटर · रात्री ११:१२

मंग झालं. तो फोटो हाय बावा. डिझायनरनं नावं क्रीम रंगाच्या पाटीसंगं फोटो करून टाकली. फॉन्टाची भानगड नको म्हणून केलं असंल, नाई तं पुढं कोणं बदलू नये म्हणून. तू रातभर आल्ट दाबलं तरी त्याच्यातून अक्षर निघाचं नाई, तिथं अक्षरच नाई.

आता असं कर. त्या फोटोच्या मापाचा चौकोन काढ. ड्रॉपरनं फोटोतला क्रीम रंग उचल आन् चौकोनात भर, रेघ काढून टाक. चौकोन फोटोवर बरोबर बसव: पहिले चौकोन सिलेक्ट कर, मंग शिफ्ट धरून फोटो. हाच क्रम ठेव, कारण कोरलमधी जे शेवटी सिलेक्ट केलं ते जाग्यावर राह्यते आन् बाकीचं त्याच्याकडं सरकते. उलटं केलं तं फोटोच उठून चौकोनापाशी जाते. सी दाब, मंग ई दाब, म्हणजे आडवं-उभं दोन्हीकडून मधोमध येते. बसला. आता खालचा फोटो आल्टनं पकड आन् डिलीट कर. झाकून नको ठेवू, माह्या ट्रॉलीवानी होईन.

अशात 'ट्रिम' करशीन तवा बी हेच ध्यानात ठेव. ज्याच्यातून कापाचं ते शेवटी.

---

टर्मिनलवाली · रात्री ११:१८

इंकस्केपवाल्यांनी इथं सावध राहा. वजाबाकी करताना निवडीचा क्रम तिथं चालत नाही. जी वस्तू वर आहे ती खालच्यातून कापली जाते, आधी कोणती निवडली याला अर्थ नाही. वस्तू एकमेकींशी जुळवून बसवताना मात्र 'शेवटी निवडलेली' की 'आधी निवडलेली' हे तुम्ही स्वतः ठरवू शकता.

---

संत्राबर्फी · रात्री ११:२४

आणि बोरूवाला, नावं टाकायच्या आधी वेलबुट्टी लॉक करून टाका. राइट क्लिक, लॉक. भोवतीच्या ठिपक्यांच्या जागी कुलपं दिसतात. मग ती सरकत नाही.

अजून एक भोगलेलं सांगतो. नावं घाईनं कर्व्ह, म्हणजे नुसते आकार, करू नका. प्रेसकडं तो फॉन्ट नसंल तर पाठवायची एक नक्कल कर्व्ह करून द्या, तुमच्याजवळची टेक्स्टच ठेवा. आणि कर्व्ह झालेल्या देवनागरीवर कंट्रोल के कधी दाबू नका. मी एकदा एक वेलांटी सरकवायला म्हणून दाबलं. सगळे आकार सुटे झाले. 'व'च्या पोटातलं भोक सुटलं आणि तेही काळं भरलं. 'गोविंद' असं नाव होतं, ठिगळ लावल्यासारखं दिसायला लागलं. अनुस्वार तर कुठं गेला ते समजलंच नाही. तो सापडला टॅब दाबत दाबत. टॅब दाबलं की एकामागून एक वस्तू सिलेक्ट होत जाते, म्हणून सापडला.

---

गुरुजी_झेडपी · रात्री ११:४०

टर्मिनलवाली ताई, सुपर कळ करून आलो. खिडकी आता जागची हलत नाही. उद्या चौथीच्या वर्गाला तिरंग्याच्या तक्त्यामागचं अशोकचक्र काढून दाखवतो, एका हातानं.

---

बोरूवाला_दारव्हा · सकाळी १०:४६

मंडळी, फाईल गेली. फोटो डिलीट केला, नवीन चौकोन बसला, नावं टाईप केली, वेलबुट्टीला कुलूप. रात्री दीडला झोपलो, कूलरही बंद होता. प्रूफ गिऱ्हाइकाला मोबाईलवर पाठवलं, त्यानं आत्ता पाहिलं. म्हणते, "लय झ्याक. फक्त निमंत्रकात मोठ्या मामाचं नाव राह्यलं."

---

जुना_पेंटर · सकाळी १०:५१

टेक्स्टच हाय न आता? टाक मामाले. आन् प्रेसवाल्याले फोन कर, प्लेट काढू नको म्हणा.